चार महिन्यांची हमी

युरोपीय संघाच्या २०२८ ते २०३४ या सात वर्षांच्या अंदाजपत्रकाचा प्रस्ताव युरोपीय आयोगाने २०२५ च्या जुलै महिन्यात मांडला. सुमारे दोन लक्ष कोटी युरोंचा हा प्रस्ताव आहे. त्याच्या आकड्यांच्या अरण्यात एक लहानसा बदल सुचविलेला आहे. आणि ज्यांच्याविषयी तो आहे त्यांचा आवाज फारसा कोणाच्या कानी जात नसल्यामुळे त्याकडे लक्षही थोडक्यांचेच गेले आहे. बेकारांना, विशेषतः बेकार तरुणांना, कामाला लावण्यासाठी जो युरोपीय सामाजिक निधी आजवर आपल्या स्वतंत्र पायांवर उभा होता, तो शेती, प्रादेशिक विकास वगैरेंच्या निधींबरोबर प्रत्येक राष्ट्राच्या एकाच आराखड्यात गुंफावा, अशी ही सूचना आहे. निधीचे नाव शिल्लक राहते. त्याची स्वतंत्र तिजोरी राहत नाही. सामाजिक उद्दिष्टांसाठी अमुक टक्के रक्कम खर्च झालीच पाहिजे असे बंधन प्रस्तावात आहे, हे खरे. परंतु कामगार संघटना, प्रादेशिक संस्था आणि युरोपीय संसदेतील अनेक सदस्य यांनी या प्रस्तावावर जी नापसंती व्यक्त केली ती अनाठायी नाही. एकाच पंक्तीत शेतकरी, रस्तेबांधणीचा कंत्राटदार आणि बेकार मुलगा यांना बसवले, तर वाढप्याची पळी प्रथम कोणाच्या पानाकडे वळेल हे सांगावयास ज्योतिषी नको. बेकार मुलाच्या पाठीशी ना संघटना असते, ना मतांचा गठ्ठा.

हा निधी काही कालपरवाचा नव्हे. १९५७ च्या रोम येथील तहानेच त्याचा पाया घातला. सामाईक बाजारपेठेमुळे ज्यांचे उद्योग बुडतील त्या कामगारांना नवे शिक्षण द्यावे, दुसऱ्या गावी जाऊन स्थायिक होण्यास साहाय्य करावे, हा त्याचा मूळ हेतू होता. व्यापाराचे दरवाजे उघडले की काहींचे भले होते आणि काहींच्या घरातील चूल विझते. ज्यांचे भले झाले त्यांनी ज्यांची चूल विझली त्यांचे काही देणे लागते, हे तत्त्व त्या तहाने मान्य केले. म्हणूनच या निधीची वाटचाल कशी झाली हे तपासणे केवळ युरोपच्या दृष्टीने नव्हे, तर आपल्यासारख्या तरुणांच्या देशाच्या दृष्टीनेही उद्बोधक आहे.

या वाटचालीतील सर्वांत मोठी कसोटी २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर आली. अमेरिकेतील पतपेढ्यांत लागलेली आग युरोपात पोहोचली, सरकारांनी पतपेढ्या वाचवल्या, आणि त्यासाठी झालेल्या कर्जाचा बोजा हलका करण्याकरिता स्वतःच्या खर्चाला कात्री लावली. या सर्व घडामोडीत ज्याचा काडीइतकाही दोष नव्हता तो नुकताच शाळा-महाविद्यालयातून बाहेर पडलेला तरुण मात्र पुरता भरडून निघाला. २०१३ साली युरोपीय संघात पंचवीस वर्षांखालील बेकारांची संख्या पंचावन्न लक्षांच्या वर गेली. काम करू इच्छिणाऱ्या तरुणांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा रिकामा बसला. ग्रीस आणि स्पेन या देशांत तर हे प्रमाण निम्म्याहून अधिक झाले. त्याच वेळी जर्मनीत ते आठ टक्क्यांच्याही खाली होते. एकाच नाण्याचा व्यवहार करणाऱ्या राष्ट्रांमध्ये एका देशातील दुसऱ्या तरुणाला काम नाही आणि दुसऱ्या देशात बाराव्या-तेराव्याला नाही, अशी ही विषमता होती.

या संकटाला युरोपने दिलेले उत्तर म्हणजे ‘युवा हमी’. २२ एप्रिल २०१३ रोजी सदस्यराष्ट्रांच्या मंत्रिपरिषदेने एक शिफारस संमत केली. पंचवीस वर्षांखालील प्रत्येक तरुणास, बेकार झाल्यापासून अथवा शिक्षण सोडल्यापासून चार महिन्यांच्या आत, नोकरी, पुढील शिक्षण, उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी एखादी चांगल्या दर्जाची संधी देऊ करावी, असे ती शिफारस सांगते. कल्पना थोर होती आणि ती हवेतून आलेली नव्हती. स्वीडनने १९८४ सालीच असा प्रयोग आरंभिला होता. फिनलंडमध्ये २०११ साली नावनोंदणी केलेल्या तरुणांपैकी सुमारे त्र्याऐंशी टक्क्यांना तीन महिन्यांच्या आत मार्ग सापडला होता. उत्तरेत जे साधले ते दक्षिणेत का साधू नये, असा विचार धुरीणांनी केला, आणि तो करण्यात त्यांचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही.

चुकले ते पुढे. हमी हा शब्द फार जबाबदारीचा आहे. सावकार जेव्हा कोणाची हमी घेतो, तेव्हा कुळाने पैसे बुडवले तर आपली पेटी उघडण्याची त्याची तयारी असते. युरोपच्या युवा हमीत पेटी कोणाची उघडावयाची होती? शिफारस ही शिफारसच असते. कायद्याचे बंधन तीत नाही. चार महिने उलटले आणि एखाद्या तरुणाच्या हाती काहीच पडले नाही, तर त्याने कोणत्या दारावर थाप मारावी, कोणता भत्ता मागावा, कोणत्या अधिकाऱ्यास जाब विचारावा, याची तरतूद त्या मसुद्यात नव्हती. राजकीय आश्वासनाला हमी हे नाव मिळाले, एवढेच.

आता पैशाकडे वळू. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०१२ सालीच हिशेब करून सांगितले होते की, एकट्या युरो नाण्याच्या राष्ट्रांत अशी हमी खऱ्या अर्थाने अंमलात आणावयाची तर वर्षाला सुमारे दोन हजार शंभर कोटी युरो लागतील. आकडा मोठा दिसतो खरा. परंतु शिक्षणात नाहीत आणि कामातही नाहीत अशा तिशीच्या आतील तरुणांमुळे युरोपीय राष्ट्रांचे २०११ या एकाच वर्षात सुमारे पंधरा हजार तीनशे कोटी युरोंचे नुकसान झाले, असा अंदाज युरोपीय संघाच्याच एका संशोधन संस्थेने काढला होता. म्हणजे रोगापायी होणारा तोटा औषधाच्या किमतीच्या सातपट होता! तरीही ज्या प्रदेशांत तरुणांची बेकारी पंचवीस टक्क्यांवर गेली होती त्यांच्यासाठी ‘युवक रोजगार उपक्रम’ या नावाने जी खास रक्कम राखून ठेवण्यात आली, ती आरंभी सहाशे चाळीस कोटी युरोंच्या आसपास होती, आणि तीही सात वर्षांच्या अंदाजपत्रकातील. पुढे ती वाढवून नऊशे कोटींच्या जवळ नेली गेली. सामाजिक निधीतील इतर रकमा आणि त्या त्या राष्ट्रांची स्वतःची भर जमेस धरली तरी गरज आणि तरतूद यांतील दरी बुजत नाही. उलट, २००८ ते २०११ या तीन वर्षांत पतपेढ्यांच्या रक्षणासाठी साडेचार लक्ष कोटी युरोंपर्यंतच्या सरकारी साहाय्यास आयोगाने मंजुरी दिली होती. त्यातील पुष्कळशी रक्कम केवळ हमीच्या रूपाने होती आणि सर्वच काही वापरली गेली नाही, हे आम्ही विसरत नाही. परंतु त्यातच खरी मेख आहे. पतपेढीला दिलेली हमी ही खरी हमी होती; तिच्या मागे राज्याची तिजोरी उभी होती. तरुणाला दिलेल्या हमीमागे केवळ सदिच्छा उभी होती.

त्याहून बारीक पण अधिक घातक असा दोष पैसा देण्याच्या रीतीत होता. युरोपीय निधीची पद्धत अशी की, राष्ट्राने प्रथम आपल्या खिशातून खर्च करावा, पावत्या सादर कराव्यात आणि मग ब्रुसेल्सकडून भरपाई घ्यावी. लोकांच्या पैशाचा चोख हिशेब राहावा म्हणून ही रीत ठरली. तीत तत्त्वतः वावगे काही नाही. परंतु ज्या राष्ट्रांची तिजोरी रिकामी होती, ज्यांना खर्च कमी करण्याची सक्त ताकीद त्याच युरोपीय संस्थांकडून मिळत होती, त्यांनी आधी खर्च करावयाचा तो कोठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आगाऊ म्हणून मिळणारी रक्कम आरंभी एक ते दीड टक्का इतकीच होती. परिणाम व्हावयाचा तोच झाला. २०१४ साल कोरडे गेले. योजना कागदावर राहिल्या. अखेर २०१५ साली आयोगाला स्वतःची चूक उमगली आणि आगाऊ रकमेचे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत वाढवून सुमारे शंभर कोटी युरो मोकळे करावे लागले. चार महिन्यांत काम देण्याचे वचन देणाऱ्यांना पहिला पैसा पोहोचवावयास दोन वर्षे लागली. ज्या मुलाने २०१३ साली पदवी घेतली तो तोवर जर्मनीच्या एखाद्या उपाहारगृहात कपबश्या विसळू लागला होता.

मग या साऱ्याचे फलित काय? २०१७ साली युरोपीय लेखापरीक्षकांनी आयर्लंड, स्पेन, फ्रान्स, क्रोएशिया, इटली, पोर्तुगाल आणि स्लोव्हाकिया या सात राष्ट्रांची तपासणी करून अहवाल दिला. काही प्रगती झाली, हे त्यांनी मान्य केले. परंतु शिक्षण व रोजगार या दोहोंबाहेर पडलेल्या सर्व तरुणांना चार महिन्यांच्या आत संधी देणे या सातांपैकी एकाही राष्ट्राला जमले नव्हते, आणि केवळ युरोपीय अंदाजपत्रकाच्या बळावर ते जमणेही शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘चांगल्या दर्जाची संधी’ म्हणजे काय, याची नेमकी व्याख्या करण्याची सूचना ते २०१५ पासूनच करीत होते. हा केवळ शब्दांचा कीस नव्हता. व्याख्या सैल राहिली की अल्प विद्यावेतनावर चार-सहा महिने छायाप्रती काढण्याचे काम हीसुद्धा संधी ठरते. इटलीने २०१४ च्या मे महिन्यात मोठ्या उत्साहाने ही योजना सुरू केली, वयोमर्यादाही वाढविली. पण तेथे तरुणांच्या वाट्याला नोकऱ्यांपेक्षा प्रशिक्षणाच्या जागाच फार मोठ्या प्रमाणावर आल्या. मालकाला फुकटचा हात मिळाला, सरकारला आकडा मिळाला. मुदत संपताच मुलगा मात्र पूर्वीच्याच जागी येऊन उभा राहिला.

याचा अर्थ असा काढू नये की सारे मुसळ केरात गेले. ज्या योजना सवंग नव्हत्या, त्यांनी गुण दाखविला आहे, आणि याचा उत्तम दाखला युरोपीय संघातून पुढे बाहेर पडलेल्या ब्रिटनचाच आहे. २००९ साली तेथील मजूर पक्षाच्या सरकारने एक योजना काढली. दीर्घकाळ बेकार असलेल्या तरुणांना सहा महिन्यांची, रीतसर पगाराची, समाजोपयोगी नोकरी द्यावयाची आणि पगाराचा भार सरकारने उचलावयाचा, असे तिचे स्वरूप होते. २०१० साली सत्तांतर झाले आणि नव्या सरकारने ही योजना उधळपट्टी म्हणून गुंडाळली. पुढे २०१२ साली त्याच सरकारच्या खात्याने जेव्हा शास्त्रशुद्ध पडताळणी केली, तेव्हा प्रत्येक सहभागी तरुणामागे समाजाला सुमारे साडेसात हजार पौंडांहून अधिक निव्वळ लाभ झाल्याचे दिसून आले! मूल्यमापन हाती येण्यापूर्वीच योजनेचा गळा आवळला गेला होता. दहा वर्षांनी, २०२० च्या महामारीत, दुसऱ्या सरकारने जवळजवळ तीच कल्पना नव्या नावाने पुन्हा काढली. अडीच लक्ष जागा देण्याचा संकल्प होता. सुमारे एक लक्ष त्रेसष्ट हजार तरुण प्रत्यक्ष कामावर आले. यांतील कितीजणांना योजनेवाचूनही नोकरी मिळालीच असती, याचा पुरेसा छडा सरकारने लावला नाही, असा ठपका तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षकांनी ठेवला. दर सरकारने पूर्वीच्या सरकारची विहीर बुजवावयाची आणि तहान लागली की नवी खणावयाची, असा हा प्रकार आहे.

युरोपीय निधी हातचा गेल्यावर काय होते, तेही ब्रिटननेच दाखवून दिले. संघातून बाहेर पडल्यानंतर जुने सामाजिक निधीचे कार्यक्रम २०२३ अखेर संपले. त्यांच्या जागी २०२२ साली स्वतःचा ‘सामायिक समृद्धी निधी’ स्थापन झाला, तीन वर्षांसाठी दोनशे साठ कोटी पौंडांचा. सात-सात वर्षांच्या मुदतीने आखणी करणाऱ्या स्थानिक संस्थांना आता दोन-तीन वर्षांच्या, आणि पुढे तर वर्षा-वर्षाच्या, मुदतीवर जगावे लागले. ब्रुसेल्सची कागदपत्रे किचकट होती हे सारेच म्हणत. पण किचकट का होईना, तो पैसा सात वर्षे येणार हे ठाऊक असे. तरुणांना मार्गावर आणण्याचे काम धीराचे आहे. शाळा अर्धवट सोडलेल्या, घरच्या कटकटींनी खचलेल्या मुलाला पहाटे उठून वेळेवर कामावर जाण्याची सवय लावणारा कार्यकर्ता वर्षअखेरीस स्वतःच्याच नोकरीची काळजी करीत असेल, तर तो त्या मुलाला काय धीर देणार?

महामारीच्या काळात, २०२० च्या ऑक्टोबरात, युरोपीय संघाने ही हमी तीस वर्षांखालील तरुणांपर्यंत वाढविली. ज्या राष्ट्रांत शिक्षण व काम या दोहोंबाहेरच्या तरुणांचे प्रमाण सरासरीहून अधिक असेल, त्यांनी सामाजिक निधीतील किमान साडेबारा टक्के रक्कम त्यांच्यासाठीच खर्च करावी, असे बंधन पुढील वर्षी घातले. २०१३ मध्ये पंधरा ते एकोणतीस वयोगटातील अशा तरुणांचे जे प्रमाण सोळा टक्के होते, ते २०२३ मध्ये सव्वाअकरा टक्क्यांच्या आत आले. २०३० पर्यंत ते नऊ टक्क्यांवर आणण्याचा संकल्प आहे. या घसरणीचे सारे श्रेय हमीला देता येणार नाही. अर्थव्यवस्था सावरली, तरुणांची संख्याही घटली, आणि कित्येकांनी दक्षिणेतून उत्तरेची वाट धरली. तरीही प्रत्येक राष्ट्राला बेकार तरुणांची नोंद ठेवावयास, सेवायोजन कार्यालये सुधारावयास आणि दर वर्षी आकडे जाहीर करावयास या हमीनेच भाग पाडले, हे मोठेच काम झाले. नेमक्या अशा वेळी, जे बंधन कोठे रुजू लागले आहे तेच सैल करण्याचा विचार ब्रुसेल्समध्ये व्हावा, हे दुर्दैव होय.

महाराष्ट्रातील वाचकाला हा सारा पट पाहताना एक गोष्ट आठवल्याखेरीज राहणार नाही. हमी म्हणजे काय, याचा धडा या राज्याने युरोपच्या कितीतरी आधी गिरविला होता. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ साली तिला कायद्याचे रूप आले. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, आणि त्यासाठी शहरातील नोकरदार-व्यावसायिकांवर खास व्यवसायकर, असे तिचे तीन खांब होते. हक्क, दंड आणि पैसा ही तिन्ही अंगे ज्या वचनाला असतात त्यालाच हमी म्हणावे. तो बेकारी भत्ता प्रत्यक्षात फार थोड्यांच्या हाती पडला, कामेही खडी फोडण्यापलीकडे फारशी गेली नाहीत, हे दोष आम्ही झाकू इच्छित नाही. परंतु भुकेला माणूस ताठ मानेने तहसील कचेरीत जाऊन ‘काम द्या’ म्हणू शकत होता, हे बळ त्याला कायद्याने दिले होते. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराची हमी घेतली होती.

आज प्रश्न मजुराइतकाच पदवीधराचाही आहे. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. बारावी झालेल्यास दरमहा सहा हजार, औद्योगिक प्रशिक्षण वा पदविका घेतलेल्यास आठ हजार आणि पदवीधरास दहा हजार रुपये विद्यावेतन देऊन सहा महिने कामाचा अनुभव द्यावयाचा, अशी ती योजना. मुदत संपत आली तेव्हा ‘पुढे काय?’ हा प्रश्न विचारीत प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले, आणि मुदत आणखी पाच महिने वाढवावी लागली. इटलीतील मुलाने विचारला तोच हा प्रश्न. भाषा तेवढी निराळी. मुदतवाढ हे त्याचे उत्तर नव्हे. ते उत्तर पुढे ढकलणे आहे.

युरोपच्या दहा-बारा वर्षांच्या अनुभवातून जे शिकावयाचे ते आम्हांस स्पष्ट दिसते. एक, योजनेचा पैसा आधी आला पाहिजे आणि पुष्कळ वर्षे येत राहिला पाहिजे. पावतीमागून येणारा पैसा श्रीमंताच्या उपयोगाचा, गरिबाच्या नव्हे. दोन, संधीचा दर्जा कायद्यात लिहिला पाहिजे. नाहीतर प्रशिक्षणाच्या नावाखाली स्वस्त मजुरीचा बाजार भरतो. तीन, किती मुले योजनेत आली यापेक्षा योजना संपल्यावर वर्षभराने ती कोठे आहेत, हा हिशेब मागितला पाहिजे, आणि तो हाती येईपर्यंत योजना मारूही नये वा तिचे ढोलही बडवू नयेत. चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, प्रशिक्षणाने माणूस नोकरीस लायक होतो, पण नोकरी निर्माण होत नाही. ज्या अर्थव्यवस्थेत कारखान्याचे दार बंद आहे, तेथे दारासमोरील रांग शिस्तीत लावून देणे एवढेच अशा योजनेच्या हाती उरते. स्पेन आणि ग्रीसमध्ये एका हाताने खर्च छाटून मागणी आटविली आणि दुसऱ्या हाताने युवा हमीचे फलक लावले. त्या फलकांखालची रांग लवकर सरली नाही.

युरोपचे मुत्सद्दी आपल्या अंदाजपत्रकाची वाटणी काय करावयाची ती करतील. त्यांनी एवढे मात्र विसरू नये की, ज्या पिढीला त्यांनी २०१३ साली चार महिन्यांचे वचन दिले, ती आज तिशी ओलांडून मतदार झाली आहे आणि तिची स्मरणशक्ती शाबूत आहे. उमेदीची वर्षे ज्याची रिकामी गेली त्याचा लोकशाहीवरील विश्वास कोणत्याही निधीतून भरून देता येत नाही. आपल्याकडील राज्यकर्त्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. तरुणाला हमी द्यावयाची असेल तर ती सावकारी चोखपणाने द्यावी, तिच्यामागे तिजोरी उभी करावी, आणि मुदत टळली तर दंड भरण्याची तयारी ठेवावी. तेवढी तयारी नसेल तर निदान हमी हा शब्द तरी वापरू नये. महाराष्ट्राने तो एकदा कायद्यात लिहून दाखविला आहे. त्याची किंमत आपल्याला तरी ठाऊक असावयास हवी.